एक किलो अडतीस ग्रॅम: चरसाच्या खटल्यातील किमान शिक्षा आणि अपिलातला घटनात्मक आक्षेप

ऑगस्ट २०२३ मध्ये दापोली तालुक्यातील कर्दे, लाडघर, केळशी या किनाऱ्यांवर चरसाची पाकिटे लाटांबरोबर वाहून आली आणि सीमाशुल्क विभाग व पोलीस यांनी ती गोळा केली. त्याच सुमारास रायगडमध्ये श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरही तशीच पाकिटे मिळाली. ती कुठून आली, कोणी टाकली, यावर तेव्हा बरेच लिहिले गेले. फौजदारी वकिली करणाऱ्याच्या मनात मात्र दुसराच प्रश्न येतो. सरकारी माणूस पोहोचण्याआधी गावातल्या एखाद्याने त्यातले एक पाकीट उचलून घरी नेले असते, तर कायद्याने त्याच्याशी कसे वागायचे? पुढील प्रकरण याच प्रश्नासाठी, अभ्यास म्हणून रचलेले आहे. त्यातील माणसे, वजने आणि घटनाक्रम कल्पित आहेत. कलमे, अधिसूचना आणि न्यायनिर्णय खरे आहेत.

घडलेली हकीकत

अपीलकर्ता सेहेचाळीस वर्षांचा, हर्णै बंदरातल्या एका ट्रॉलरवरचा खलाशी. ऑगस्ट २०२४ मध्ये, पावसाळी मासेमारीबंदी उठून बोटी नुकत्याच दर्यावर जाऊ लागल्या असताना, एका पहाटे त्याला पुळणीवर एक पाकीट सापडते. खडकावर घासून त्याचे बाहेरचे वेष्टन एका कोपऱ्यात फाटलेले आहे. तो ते घरामागच्या खोपीत, जुन्या जाळ्यांच्या ढिगाखाली ठेवतो. पाकिटात काय असणार याची कल्पना त्याला आहे. आदल्या वर्षीच अशी पाकिटे दिसल्यास पोलिसांना कळवा म्हणून गावात सांगितले गेले होते. दुसऱ्या दिवशी तो शेजाऱ्याला विचारतो, "भाऊ, याला कोण गिऱ्हाईक मिळेल काय?" हाच शेजारी पुढे सरकार पक्षाचा साक्षीदार होतो. चौथ्या दिवशी खबरीवरून झडती होते आणि पाकीट मिळते.

झडतीची प्रक्रिया बऱ्यापैकी नीट झालेली आहे. अमली पदार्थविषयक कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएसच्या, कलम ४२ प्रमाणे खबर लिहून घेतली, मुदतीत वरिष्ठांना पाठवली, झडती दिवसा घेतली. पाकीट अंगावर नव्हते, खोपीत होते, त्यामुळे अंगझडतीसंबंधीचे कलम ५० लागूच होत नाही. या दोन कलमांवरच अशा बऱ्याच अपिलांचा डोलारा उभा असतो. येथे तो आधार नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण अभ्यासायला चांगले.

खरी गंमत वजनात आहे. पंचनाम्याच्या वेळी नाक्यावरच्या किराणा दुकानदाराला त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यासह बोलावले गेले. वेष्टनासह वजन भरले १ किलो ९२ ग्रॅम. उलटतपासात दुकानदाराने दोन गोष्टी मान्य केल्या: त्याचा काटा दोन ग्रॅमच्या पटीतच आकडा दाखवतो, आणि त्यावरच्या वैधमापन विभागाच्या शिक्क्याची मुदत संपलेली होती. पुढे कलम ५२अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर यादी झाली, तेव्हा वेष्टन काढून वजन घेतले गेले. ते भरले १ किलो ३८ ग्रॅम. २०२२ च्या नियमांनुसार चोवीस-चोवीस ग्रॅमचे दोन नमुने काढून उष्णतेने सील केलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ठेवले गेले. न्यायसहायक प्रयोगशाळेच्या अहवालात पदार्थ चरस असल्याचा निष्कर्ष आहे. त्याच अहवालाच्या वर्णनाच्या रकान्यात असे नोंदलेले आहे की नमुना ओलसर होता, पिशवीच्या आतल्या बाजूला पाणी सुटलेले होते आणि पाणी वगळून पदार्थाचे वजन २२.६ ग्रॅम भरले. खटल्यात या ओळीवर कोणीच प्रश्न विचारला नाही.

विशेष न्यायालयाने कलम ८(क) सह कलम २०(ब)(२)(क) खाली, म्हणजे चरस वाणिज्यिक प्रमाणात (एक किलोपेक्षा जास्त) बाळगल्याबद्दल, आरोपीला दोषी धरले. दहा वर्षे सक्तमजुरी, एक लाख रुपये दंड आणि दंड न भरल्यास आणखी एक वर्ष कैद अशी शिक्षा दिली. शिक्षेबाबतच्या परिच्छेदात न्यायाधीशांनी लिहिले की आरोपीची पूर्वपीठिका निष्कलंक आहे, विक्री झालेली नाही, टोळीशी संबंध दिसत नाही, तरीही किमान शिक्षेखाली जाण्याचा अधिकार न्यायालयाला नाही. कायद्याने पाहता हे वाक्य अगदी बरोबर आहे. अपिलाचा सारा प्रश्न त्या वाक्यातूनच सुरू होतो.

एका ग्रॅमचा कडा

गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ हा आपण सगळे एनडीपीएस म्हणून ओळखतो. २००१ पूर्वी त्यात चरसाच्या गुन्ह्याला प्रमाणाचा विचार न करता किमान दहा वर्षांची शिक्षा होती. अल्प प्रमाण आणि तेही स्वतःच्या सेवनासाठी, हे आरोपीने सिद्ध केले तरच कलम २७ ची सवलत मिळे. या सरसकटपणावर टीका झाली आणि २००१ च्या दुरुस्तीने, जी २ ऑक्टोबर २००१ पासून अमलात आली, शिक्षेच्या तीन पायऱ्या आणल्या. चरसासाठी १९ ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेत अल्प प्रमाणाची मर्यादा १०० ग्रॅम आणि वाणिज्यिक प्रमाणाची मर्यादा १ किलो ठरली. आज अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. २०१४ च्या दुरुस्तीपूर्वी ती सहा महिन्यांपर्यंत होती. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड आहे, पण किमान काही नाही. वाणिज्यिक प्रमाणाला किमान दहा व कमाल वीस वर्षे आणि एक ते दोन लाख दंड.

व्याख्येतील एक बारकावा येथे महत्त्वाचा. वाणिज्यिक प्रमाण म्हणजे अधिसूचित प्रमाणापेक्षा जास्त. नेमका एक किलो चरस मधल्या पायरीत पडतो. म्हणजे १,००० ग्रॅमला न्यायाधीश दोन वर्षेही देऊ शकतात आणि १,००१ ग्रॅमला दहापेक्षा कमी देऊच शकत नाहीत. त्या एका ग्रॅमबरोबर आणखीही बऱ्याच गोष्टी बदलतात. चरस बाळगण्याच्या गुन्ह्यात कलम ३७ च्या जामिनाच्या कडक अटी वाणिज्यिक प्रमाणालाच लागतात. कलम ३२ब मध्ये किमानपेक्षा जास्त शिक्षा देताना विचारात घ्यायच्या बाबी दिलेल्या आहेत. कमी देण्यासाठीचे कलम कुठेच नाही. परिवीक्षेचा (चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याचा) मार्ग कलम ३३ ने जवळजवळ बंद केलेला आहे, आणि कलम ३२अ मुळे शिक्षेत सूटही मिळत नाही. जिना फक्त वर जातो.

याला समर्थन नाही असे मुळीच नाही. रेषा कुठेही ओढली तरी कोणीतरी तिच्या पलीकडे एका ग्रॅमने असणारच. मादक द्रव्यांना आळा घालणे हे अनुच्छेद ४७ मधील निदेशक तत्त्व आहे, आणि १९६१, १९७१ व १९८८ च्या आंतरराष्ट्रीय करारांची जबाबदारीही भारताने घेतलेली आहे. शिवाय आज ज्या पायऱ्यांविरुद्ध तक्रार आहे, त्या आधीच्या सरसकटपणावरची सुधारणा म्हणूनच आल्या. सरकारी वकील हे सर्व मांडतील आणि ते गंभीरपणे घ्यायला हवे. आक्षेपाचे खरे टोक मात्र निराळे आहे. किमान शिक्षा ठरवताना वजन सोडून दुसरे काहीही पाहायचे नाही असे कायदा म्हणतो: भूमिका, ज्ञान, नफा, पूर्वेतिहास यांतले काहीच नाही. जहाजातून शंभर किलो उतरवणारा आणि पुळणीवरचे पाकीट उचलून चार दिवस जाळ्याखाली ठेवणारा, दोघांसाठी किमान मर्यादा एकच.

कोणत्या दारातून जायचे

आक्षेप कितीही जोरदार असला तरी तो कुठे मांडायचा, हा पहिला प्रश्न. विशेष न्यायालय कायदा घटनाबाह्य ठरवू शकत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३६ खाली (जुन्या संहितेचे ३९५) ते उच्च न्यायालयाकडे प्रश्न पाठवू शकते, पण त्यासाठी कायदा अवैध आहे असे त्या न्यायालयाचे स्वतःचे मत व्हावे लागते आणि त्या प्रश्नावाचून खटला निकाली निघत नसावा लागतो. प्रत्यक्षात हे क्वचितच घडते.

त्याच संहितेच्या कलम ४१५ खालचे अपील रत्नागिरी जिल्ह्यातून आता कोल्हापूरला जाते. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग त्याच्या अधिकारक्षेत्रात आले. रायगड मुंबईकडेच राहिले. दापोलीच्या पक्षकाराला मुंबईऐवजी घाट चढून कोल्हापूर गाठावे लागते, हा फरक नातेवाइकांना वकिलांपेक्षा जास्त जाणवतो. अपिलात प्रतिवादी राज्य सरकार असते. कायदा मात्र संसदेचा. म्हणून वैधतेचा आक्षेप अपिलाच्या मेमोत (लेखी अर्जात) शेवटचा मुद्दा म्हणून टाकून भागत नाही. केंद्र सरकारला पक्षकार करून अनुच्छेद २२६ खाली स्वतंत्र रिट याचिका करावी लागते आणि ती अपिलासोबत ऐकावी अशी विनंती करावी लागते. "वरील कलम घटनेच्या अनुच्छेद १४ व २१ चा भंग करते" (म्हणजे समानतेच्या आणि जीवित व स्वातंत्र्याच्या हक्कांचा) अशी एक ओळ मेमोच्या तळाशी टाकून मोकळे होण्याची सवय आपल्याकडे आहे. त्या ओळीवर मी तरी आजवर कोणत्याही न्यायालयाला पेन उचलताना पाहिलेले नाही.

आपल्याच उच्च न्यायालयाचा दाखला

रिट याचिकेच्या बाजूने सर्वांत जवळचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाचाच आहे. एनडीपीएसच्या कलम ३१अ मध्ये विशिष्ट द्रव्यांच्या मोठ्या प्रमाणातील दुसऱ्या गुन्ह्याला देहदंड सक्तीचा होता. चरसाच्या दुसऱ्या गुन्ह्यासाठी मुंबईच्या विशेष न्यायालयाने तो एका आरोपीला दिलाही होता. त्याची याचिका आणि इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्क या संस्थेची याचिका एकत्र ऐकून न्या. अजय खानविलकर आणि न्या. ए. पी. भंगाळे यांच्या खंडपीठाने १६ जून २०११ रोजी निर्णय दिला की सक्तीचा देहदंड अनुच्छेद २१ शी विसंगत आहे. कलम मात्र रद्द केले नाही. देहदंड 'दिला जाईल' याऐवजी 'देता येईल' असा अर्थ लावून ते वाचवले. पुढे २०१४ च्या दुरुस्तीत संसदेनेही कलमाला तसेच वैकल्पिक रूप दिले.

या निर्णयाचे मूळ १९८३ च्या मिठू विरुद्ध पंजाब राज्य या निकालात आहे, ज्यात जन्मठेपेच्या कैद्याने केलेल्या खुनासाठी सक्तीचा देहदंड सांगणारे दंडसंहितेचे कलम ३०३ सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. शस्त्र अधिनियमाच्या कलम २७(३) चीही २०१२ मध्ये दलबीर सिंग प्रकरणात तीच गत झाली. तिन्ही निकालांत तक्रार एकच आहे: न्यायाधीशाला परिस्थिती पाहण्याचा अधिकारच नाकारला गेला.

मग हा तर्क दहा वर्षांच्या किमान शिक्षेला का लावू नये? लावता येतो, पण तो मधेच अडतो, आणि कुठे अडतो हे वकिलाने आधीच ओळखलेले बरे. एक तर देहदंड परत घेता येत नाही. त्या न्यायनिर्णयांची धार बरीचशी तिथून आली. दुसरे म्हणजे कलम ३१अ ला शेजारीच कलम ३१ चा पर्याय होता, त्यामुळे 'देता येईल' असे वाचल्यावर न्यायालयाच्या हाती दुसरी शिक्षा उरत होती. कलम २० मध्ये "दहा वर्षांपेक्षा कमी नाही" असे शब्द आहेत. त्यांचा अर्थ मऊ करून "दहा किंवा कमी" करणे म्हणजे अर्थ लावणे नव्हे, खोडून पुन्हा लिहिणे होईल. आणि २०१५ च्या विक्रम सिंग प्रकरणात, खंडणीसाठी अपहरणाच्या कलम ३६४अ ला आव्हान दिले गेले तेव्हा, सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेच्या प्रमाणबद्धतेचा विचार मान्य केला. पण शिक्षा ठरवणे हे मुख्यतः विधिमंडळाचे काम असून ती धक्कादायक इतकी विषम असल्याशिवाय न्यायालय हात घालणार नाही असेही सांगितले.

एनडीपीएसमध्ये अनुच्छेद १४ चा आक्षेप कसा हरतो, हे पाहायला २००४ चा बशीर विरुद्ध केरळ राज्य हा निकाल वाचावा. २००१ च्या सौम्य शिक्षा चालू खटल्यांना लागू झाल्या, पण अपिलात पोहोचलेल्या प्रकरणांना नाहीत. एकाच आठवड्यात सारख्याच प्रमाणासह पकडलेल्या दोघांपैकी ज्याचा खटला रेंगाळला तो वाचला आणि ज्याचा वेळेत संपला तो दहा वर्षांत अडकला, अशी स्थिती त्यातून येऊ शकत होती. तरीही सर्वोच्च न्यायालयाने ते वर्गीकरण वाजवी ठरवले, कारण संपलेले खटले नव्या मापाने उघडले तर विलंब वाढेल आणि दुरुस्तीचा हेतूच बाजूला पडेल. माझ्या मते हा निकाल खटल्यांच्या व्यवस्थेकडे जास्त आणि त्या दुसऱ्या माणसाकडे कमी पाहतो. पण तो कायदा आहे, आणि जिथे एवढी विषमता टिकली तिथे एका ग्रॅमची रेषा अनुच्छेद १४ खाली पडेल असे पक्षकाराला सांगणे योग्य नाही.

कॅनडाचा अनुभव येथे उपयोगी पडतो, पण बेताने. १९८७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्मिथ प्रकरणात अमली पदार्थांच्या आयातीसाठीची सात वर्षांची किमान शिक्षा रद्द केली. त्यासाठी समोरच्या आरोपीऐवजी सुट्टीवरून गाडीने परतणाऱ्या, आयुष्यातली पहिलीच गांजाची सिगारेट जवळ बाळगणाऱ्या एका काल्पनिक तरुणाचा विचार केला. क्रूर शिक्षेविरुद्धची स्पष्ट तरतूद तिथल्या अधिकारपत्रात होती. आपल्याकडे ती अनुच्छेद २१ मधून काढावी लागते. उलट अमेरिकेत १९९१ मध्ये हार्मेलिन प्रकरणात साडेसहाशे ग्रॅमपेक्षा थोड्या जास्त कोकेनसाठी सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप टिकली. दोन्ही दाखले युक्तिवादात असू द्यावेत. त्यांच्यावर याचिका उभी करू नये.

घटनेचा आधार खऱ्या अर्थाने कुठे चालतो

या प्रकरणात घटनात्मक तत्त्वांचा खरा उपयोग कलम पाडण्यासाठी नाही. सरकार पक्षावरचे सिद्धतेचे ओझे वाढवण्यासाठी आहे, असे माझे मत आहे. त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा भक्कम आधार आहे.

कलम ३५ आणि ५४ आरोपीविरुद्ध गृहीतके उभी करतात. २००८ च्या नूर आगा विरुद्ध पंजाब राज्य प्रकरणात, अमृतसरच्या विमानतळावर द्राक्षांच्या खोक्यातून हेरॉइन आणल्याचा आरोप असलेल्या अफगाण नागरिकाच्या अपिलात, ही कलमे घटनाबाह्य आहेत असे म्हटले गेले. न्यायालयाने ती वैध ठरवली आणि तरीही आरोपीला निर्दोष सोडले. कारण गृहीतक सुरू होण्यापूर्वी पायाभूत वस्तुस्थिती सरकार पक्षाने सिद्ध करायला हवी, आणि शिक्षा जितकी कठोर तितका पुरावा कसून तपासायला हवा. घटनात्मक आक्षेप हरला, पण त्या आक्षेपानेच पुराव्याची कसोटी कडक झाली. अपिलातला वकील याच निकालावर उभा राहू शकतो.

आता आपल्या खलाशाकडे येऊ. ताबा जाणीवपूर्वक होता का, या मुद्द्यावर त्याला फारशी आशा नाही. खोपी त्याची, जाळी त्याची, आणि गिऱ्हाइकाबद्दलचा प्रश्न त्यानेच विचारलेला. "भीतीने ठेवले" हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ खालच्या, म्हणजे न्यायालयाने आरोपीला विचारलेल्या प्रश्नांवरच्या, जबाबातले स्पष्टीकरण शेजाऱ्याच्या साक्षीपुढे टिकत नाही. अपिलात निर्दोष मुक्ततेवरच सारा भर देणे म्हणजे न्यायालयाचा विश्वास गमावणे.

वजन मात्र पायाभूत वस्तुस्थिती आहे, कारण किमान शिक्षा केवळ तिच्यावर अवलंबून आहे. पंचनाम्याचा आकडा बाजूला ठेवावा: वेष्टनासह, शिक्का संपलेल्या काट्यावर. उरतो दंडाधिकाऱ्यांसमोरचा १,०३८ ग्रॅमचा आकडा. कलम ५२अ(४) नुसार ती यादी प्राथमिक पुरावा आहे, त्यामुळे सरकार पक्षाचा तो भक्कम बुरूज. पण त्याच पोटकलमाने नमुनादेखील प्राथमिक पुरावा आहे. चोवीस ग्रॅमच्या नमुन्यात पाणी वगळून पदार्थ २२.६ ग्रॅम भरला. हेच गुणोत्तर १,०३८ ला लावले तर पदार्थ सुमारे ९७७ ग्रॅम होतो. मर्यादा ओलांडायला तेवीस ग्रॅम कमी. हा हिशेब अचूक आहे असा दावा करू नये: नमुना पाकिटाच्या कोणत्या भागातून घेतला, फाटलेल्या कोपऱ्याजवळून की मधून, त्यावर पाण्याचे प्रमाण बदलेल. पण संशयाचा फायदा द्यायला अचूकतेची गरज नसते. एक किलोपेक्षा जास्त होते हे संशयातीत सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर आहे, आणि सरकारच्याच अहवालाने त्यावर संशय निर्माण केला आहे.

येथे सरकारी वकील हिरा सिंग विरुद्ध भारत सरकार हा २२ एप्रिल २०२० चा तीन न्यायमूर्तींचा निकाल काढतील. ई. मायकेल राज प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की मिश्रणात शुद्ध द्रव्य किती, यावर प्रमाण ठरवावे. त्यानंतर १८ नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेने संपूर्ण मिश्रणाचे वजन धरण्याची टीप जोडली, आणि हिरा सिंगने ती वैध ठरवून मायकेल राज चुकीचा ठरवला. कारणही समजण्यासारखे आहे: रस्त्यावर द्रव्य विकले जाते ते भेसळीसकटच, आणि भेसळ करणाऱ्याला त्याच भेसळीचा फायदा देणे म्हणजे व्यापाराला बक्षीस देणे. अमेरिकेतही चॅपमन प्रकरणात १९९१ मध्ये एलएसडीबरोबर ज्या कागदावर ते शोषले होते त्या कागदाचे वजनही धरले गेले. सुमारे ५० मिलिग्रॅम द्रव्याचे कागदासकट ५.७ ग्रॅम झाले.

हिरा सिंगला विरोध न करता त्याच्या आतच उत्तर मिळते. तो निकाल मिश्रणाबद्दल आहे, म्हणजे ज्या रूपात पदार्थ बनवला, विकला आणि वापरला जातो त्याबद्दल. फाटलेल्या वेष्टनातून आत शिरलेले समुद्राचे पाणी कोणी मिसळलेले नाही. ते विक्रीचा भाग नाही. ते पिशवीत वेगळे सुटले आणि प्रयोगशाळेने वेगळे मोजले. भेसळ आणि भिजणे यांत फरक करायचा, हीच येथे घटनात्मक दृष्टीची जागा. एखाद्या दंडात्मक तरतुदीचे दोन अर्थ निघत असतील आणि त्यांतल्या एकामुळे, आरोपीने न केलेल्या गोष्टीमुळे, म्हणजे पावसाळी समुद्रामुळे, दहा वर्षांची सक्ती लागू होत असेल, तर अनुच्छेद १४ आणि २१ शी जुळणारा दुसरा अर्थ न्यायालयाने घ्यावा असे म्हणता येते. आरोपीच्या जागी दुसरा कोणी असता आणि आठवडाभर कोरडी हवा असती, तर तेच पाकीट मधल्या पायरीत गेले असते. वर्गीकरण मनमानी आहे असे सांगायला याहून ठोस उदाहरण सापडणार नाही, आणि ते कलम न पाडता सांगता येते.

कलम ५२अ च्या पालनातील त्रुटींवर वेगळा हल्ला करण्याचा मोह होईल. जानेवारी २०२५ च्या भारत आंबळे विरुद्ध छत्तीसगड राज्य या निकालाने स्पष्ट केले आहे की अशी त्रुटी आपोआप घातक ठरत नाही. आणि येथे तर दंडाधिकाऱ्यांची यादी व नमुना हेच आपले शस्त्र आहे. त्यावर अविश्वास दाखवून आपलाच हिशेब बुडवू नये.

तोवर तुरुंगात

अपील अंतिम सुनावणीला येईपर्यंत काय, हा प्रश्न घरच्यांच्या दृष्टीने पहिला असतो. कलम ३२अ ने एकेकाळी न्यायालयाचा शिक्षा स्थगित करण्याचा अधिकारही काढून घेतला होता, आणि १९९९ मध्ये मक्तूल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्यही केले होते. पुढच्याच वर्षी चित्र पालटले. १२ ऑक्टोबर २००० रोजी दादू ऊर्फ तुळशीदास विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात, पॅरोल नाकारलेल्या एका कैद्याच्या याचिकेवर, न्यायालयाने तेवढ्या मर्यादेत कलम ३२अ घटनाबाह्य ठरवले. अपिलाचा हक्क देऊन अपिलातील न्यायालयाचे हात बांधणे अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये बसत नाही, असा त्याचा सारांश. शासनाने सूट देण्यावरची बंदी मात्र टिकली. पॅरोलला ते कलम आड येत नाही हेही स्पष्ट झाले. एनडीपीएसच्या शिक्षेच्या रचनेत घटनात्मक आव्हानाने मिळालेला हा बहुधा सर्वांत उपयोगी विजय, आणि महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणात.

विजयाला एक अट आहे. स्थगिती देताना कलम ३७ च्या कसोट्या लागतात: आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारण आणि तो पुन्हा गुन्हा करणार नाही अशी खात्री. शिक्षा झालेल्याच्या बाबतीत पहिली कसोटी कठीण. म्हणून अर्जात निर्दोषत्वाऐवजी वाणिज्यिक प्रमाणाचाच मुद्दा पुढे करावा. ते सिद्ध झाले नाही असे प्रथमदर्शनी दिसले, तर कलम ३७ ची अटच गळून पडते आणि संहितेच्या कलम ४३० खालचा नेहमीचा विचार सुरू होतो. अपील लवकर ऐकले जाण्याची शक्यता नसल्याचा मुद्दाही जोडावा. २०२३ च्या मोहम्मद मुस्लिम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खटल्याचा अवाजवी विलंब कलम ३७ च्या आडही विचारात घेतला आहे. तो कच्च्या कैद्याबाबतचा निकाल आहे, हे अर्जात लपवू नये.

मागण्यांचा क्रम

अपिलात पहिली मागणी दोषसिद्धी कलम २०(ब)(२)(क) ऐवजी २०(ब)(२)(ब) खाली, म्हणजे मधल्या प्रमाणाच्या गुन्ह्यात, बदलण्याची असावी. ती मान्य झाली तर किमान शिक्षाच उरत नाही आणि भूमिका, पूर्वेतिहास, चार दिवसांचा ताबा, न झालेली विक्री या विशेष न्यायाधीशांनीच नोंदलेल्या बाबी प्रथमच वजन धरतात. संहितेच्या कलम ४२७ खाली उच्च न्यायालय शिक्षा स्वतः ठरवू शकते. प्रकरण परत पाठवण्याची विनंती करून आणखी वर्ष घालवू नये. या टप्प्यावर कुटुंबाची स्थिती, मुलांचे शिक्षण, ट्रॉलरच्या मालकाचे प्रतिज्ञापत्र अशी सामग्री हाती असायला हवी. सूट मिळणार नसल्याने जी शिक्षा ठरेल ती जवळजवळ पूर्ण भोगावी लागेल, कच्च्या कैदेचे दिवस वजा करून. हे न्यायालयाच्या ध्यानात आणून द्यावे, कारण तीन वर्षांची शिक्षा येथे खरोखरच तीन वर्षांची असते.

पर्यायी मागणी दंडाबाबतच्या कैदेची. वजनाचा मुद्दा फेटाळला गेला तर दहा वर्षे आणि एक लाख यांना उच्च न्यायालय हात लावू शकत नाही. किमान शिक्षेच्या खाली जाण्यासाठी अनुच्छेद १४२ चाही (संपूर्ण न्यायासाठी आदेश देण्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकाराचाही) उपयोग नाही, असे २०१९ मध्ये विक्रम दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच्याच अधिकाराबद्दल म्हटले आहे. पण दंड न भरल्याची कैद म्हणजे मूळ शिक्षा नव्हे. शांतिलाल प्रकरणात २००७ मध्ये अफूच्या गुन्ह्यातील अशी तीन वर्षांची कैद सहा महिन्यांवर आणली गेली. ज्याच्याकडे एक लाख नाहीत अशा खलाशाला दहा वर्षांनंतर आणखी एक वर्ष आत राहावे लागणार असेल, तर या एका परिच्छेदाची किंमत सहा महिने आहे, आणि तरीही अनेक मेमोंत तो परिच्छेद नसतो.

रिट याचिका तिसऱ्या क्रमांकावर, स्वतंत्र आणि केंद्र सरकारला पक्षकार करून. तिच्यात कलम २० पूर्ण रद्द करण्याची मागणी नसावी. मर्यादित मागणी असावी: वाणिज्यिक प्रमाण मर्यादेपेक्षा किंचित अधिक असून व्यापारी हेतू सिद्ध झालेला नसेल, तेव्हा विशेष कारणे नोंदवून किमान शिक्षेखाली जाण्याची मुभा नसणे अनुच्छेद १४ व २१ शी विसंगत आहे अशी घोषणा. कलम ३२ब मध्ये वर जाण्यासाठीच्या बाबी आहेत, खाली येण्यासाठीच्या नाहीत, हा एकांगीपणा तिचा मुख्य आधार. ती फेटाळली जाण्याची शक्यताच अधिक आहे. म्हणून पक्षकाराचे म्हणणे ऐकून, अपील तिच्यासाठी अडकून पडणार नाही अशी स्पष्ट विनंती याचिकेतच करावी, आणि अपिलाची तारीख मिळत असेल तर याचिका मागे ठेवून अपील आधी चालवावे.